पाण्याची धार, पीव्हीसीची नळी आणि ठिणगी: स्थितिक विद्युतचे घरगुती प्रयोग

पाणी आणि वीज एकत्र म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि घरातल्या विजेच्या बाबतीत तो यायलाच हवा. इथले प्रयोग मात्र प्लगला हातही न लावता करायचे आहेत. एक प्लास्टिकची नळी, नळाचं पाणी, काही पत्र्याचे डबे आणि सलाईनची नळी एवढ्यावर भागतं. शेवटी हजारो व्होल्ट तयार होतात, पण त्यामागचा विद्युतप्रभार इतका थोडा असतो की बोटाला चिमटा बसण्यापलीकडे काही होत नाही.

नवख्यांना वाटतं की यात पाणी हा अवघड भाग असेल. तसं नाही, पाणी बिचारं नेहमी साथ देतं. प्रयोग फसतो तो बाकीच्या वस्तू ओल्या किंवा नुसत्या दमट झाल्यामुळे. खाली जागोजागी ‘कोरडं करा’ असं आलंय ते त्यासाठीच.

आधी नळी घासायला शिका

कंगवा आणि फुगा चालतात, पण पीव्हीसीची नळी त्यांच्यापेक्षा कितीतरी भरवशाची. २० ते २५ मिमी व्यासाची, साधारण अर्धा मीटर लांबीची घ्या. साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. एक टोक हातात धरा आणि दुसऱ्या टोकाकडचा ३० सेंमी भाग लोकरीच्या कापडाने किंवा कोरड्या टिश्यू पेपरने पटापट दहा-पंधरा वेळा घासा. नळीवर ऋण प्रभार साठतो. घासताना बारीक चरचर ऐकू आली की काम होतंय असं समजा.

आता कसोटी. कागदाचे ५ मिमीचे कपटे टेबलावर पसरा आणि नळी ३-४ सेंमी वर धरा. कपटे उडी मारून चिकटले तर पुढे जा. नुसते थरथरले किंवा ढिम्म राहिले, तर पाण्याकडे वळण्यात अर्थ नाही. आधी नळीचं बघा.

बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असेल तर सगळं सुरळीत चालतं. ६० टक्क्यांच्या वर गेली की प्लास्टिकवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि प्रभार त्यावरून सरकत हातात उतरतो. अशा हवेत हेअर ड्रायरने नळी आणि कापड दोन्ही कोमट करून घ्या. हाताला ऊबदार लागेल इतकंच, पीव्हीसी मऊ होऊ देऊ नका. गरम केल्यावर तो थर उडतो आणि पुढची दोन-तीन मिनिटं तुमच्या हातात असतात.

कंगवाच वापरायचा असेल तर केस धुतलेले, कोरडे आणि तेल-कंडिशनर न लावलेले हवेत. काही काळ्या कंगव्यांत कार्बन मिसळलेला असतो, म्हणजे स्थितिक विद्युत साठूच नये अशी त्यांची घडण असते. त्यांच्यावर कितीही मेहनत घेतली तरी कपटे उडत नाहीत. लाकडी आणि धातूचे कंगवेही बाद.

पहिला प्रयोग: धार वाकवणं

नळाच्या तोंडाला फेस करणारी जाळी असेल तर ती काढा. हवा मिसळलेली धार नीट वाकत नाही. नळ इतका बारीक करा की धार काचेसारखी स्वच्छ आणि २ मिमीच्या आसपास जाड राहील. त्याहून कमी केलंत तर ती लगेच थेंबांत तुटते, जास्त केलंत तर जड होते.

नळी घासा आणि तिची बाजू नळाच्या तोंडाखाली २-३ सेंमीवर, धारेपासून १ ते २ सेंमी अंतरावर आणा. धार नळीकडे वळते. चांगल्या कोरड्या दिवशी ती इतकी वळते की थेट नळीवर येऊन आदळते, आणि तिथेच प्रयोग संपतो. ओली नळी पुसून, सुकवून, पुन्हा घासण्यावाचून इलाज नसतो. म्हणून लांबून हळूहळू जवळ या आणि धार वळायला लागली की तिच्यासोबत नळी मागे घेत जा.

वरच्या बाजूला का धरायची? पडता पडता पाण्याचा वेग वाढतो. तोंडापासून २ सेंमी खाली तो सेकंदाला साधारण ६० सेंमी असतो, २० सेंमी खाली २ मीटर. खाली धरली तर पाणी नळीसमोरून इतक्या झटकन निघून जातं की वळायला वेळच मिळत नाही. शिवाय वर मिळालेलं थोडंसं वळण खाली येईपर्यंत वाढत जातं.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं दिलं जातं: पाण्याचे रेणू ध्रुवीय असतात, त्यांची धन बाजू ऋण नळीकडे वळते आणि म्हणून धार खेचली जाते. रेणू ध्रुवीय असतात हे खरं, पण एवढ्याने हिशोब लागत नाही. रेणूच्या एका टोकाला ओढ आणि दुसऱ्या टोकाला ढकल; नळीभोवतीचं विद्युतक्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर दोन्ही एकमेकांना खोडतात आणि रेणू जागच्या जागी फिरतो, बस. क्षेत्र असमान असल्यामुळे थोडी ओढ उरते, पण दिसतं तेवढं वळण देण्याइतकी ती मोठी नसते.

मोठं काम करतात पाण्यातले आयन, म्हणजे धन किंवा ऋण प्रभार असलेले कण. नळाचं पाणी या प्रयोगांपुरतं उत्तम वाहक असतं. ऋण नळी जवळ आली की ऋण आयन धारेतून मागे, नळाच्या दिशेने ढकलले जातात आणि धारेत धन प्रभाराचं आधिक्य उरतं. यालाच प्रवर्तन म्हणतात. सगळी धारच धन झाली की ती ऋण नळीकडे धावणार, यात नवल नाही. शुद्ध पाणी वापरलं तर? तरीही तेच होतं. डिस्टिल्ड पाण्यातही आयनांची ही फेरमांडणी काही लाखांश सेकंदांत उरकते आणि धार नळीसमोर त्याच्या हजारो पट जास्त वेळ असते. त्यामुळे डिस्टिल्ड पाणी आणायची किंवा पाण्यात मीठ घालायची, दोन्हींची गरज नाही.

धन प्रभाराची वस्तूही पाण्याला ओढतेच. पाहायचं असेल तर नायलॉनचा जाड तुकडा पॉलिथिनच्या पिशवीने घासा. नायलॉनवर धन प्रभार येतो आणि धार त्याच्याकडेही वळते. फक्त आता धारेत ऋण प्रभार भरलेला असतो.

थेंब आणि काठोकाठ भरलेला पेला

हा छोटा प्रयोग आहे, पण जवळून बघण्यासारखा. १६०० सालच्या सुमारास विल्यम गिल्बर्ट यांनी घासलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ नेला, तेव्हा थेंब शंकूसारखा टोकदार झाला, अशी त्यांची नोंद आहे. तेच इथे करायचं.

ज्यावर पाणी पसरत नाही असा प्लास्टिकच्या डब्याचा झाकणभाग घ्या, किंवा मेणकागद. त्यावर ड्रॉपरने ४ मिमीचा एक थेंब ठेवा. नळी २-३ सेंमीवर आणली की थेंब आधी ताणला जातो, मग घरंगळत नळीमागे यायला लागतो. त्याला झाकणभर फिरवता येतं.

आता पेला काठोकाठ भरा, पाणी काठाच्या किंचित वर फुगीर दिसेल इतका. घासलेली नळी वरून सावकाश खाली आणा. सेंटीमीटरभर अंतर उरलं की पृष्ठभागावर एक छोटा उंचवटा उठतो. आणखी खाली आणलीत की उंचवट्याला टोक येतं, चट्‌ असा आवाज होतो आणि नळीवर बारीक तुषार दिसतात. पेल्यामागे काळा कागद आणि बाजूने टॉर्च ठेवला तर हे फार स्पष्ट दिसतं. टोकापाशी क्षेत्र एकवटतं, ते पृष्ठताणाला भारी पडतं आणि पाणी तिथून फुटून निघतं. तुषार उडाले की नळीचा तेवढा भाग निष्प्रभ झाला असं समजा आणि नळी फिरवून दुसरी बाजू वापरा.

धारेतला प्रभार पकडणं

धारेत खरोखर प्रभार असतो हे नुसतं मानण्यापेक्षा तो डब्यात गोळा करून पाहावा. त्यासाठी विद्युतदर्शी, म्हणजे प्रभार आहे की नाही ते दाखवणारं साधन, हवा.

काचेची कोरडी बरणी घ्या. प्लास्टिकच्या झाकणाला मधोमध भोक पाडून त्यातून तांब्याची जाड तार घाला. खालच्या टोकाला आकडा करून त्यावर अॅल्युमिनियम फॉइलच्या दोन पट्ट्या, ४ सेंमी लांब आणि ५ मिमी रुंद, शेजारी शेजारी लटकवा. पट्ट्या सुरकुतलेल्या नकोत. नखाने सपाट करून घ्या आणि भोकं सैल ठेवा म्हणजे त्या मोकळ्या झुलतील. वरच्या टोकाला फॉइलचा घट्ट गोळा बसवा. घासलेली नळी गोळ्याजवळ आणली की पट्ट्या फाकतात, दूर नेली की मिटतात. झाकण धातूचं असेल तर तार भोकात थेट बसवू नका; सरळ प्लास्टिकचं झाकण शोधा.

आता पत्र्याचा एक रिकामा डबा थर्माकोलच्या ठोकळ्यावर ठेवा. ठोकळा डब्याच्या बुडापेक्षा लहान असू द्या, म्हणजे डब्यावरून ओघळलेला थेंब थेट खाली पडेल आणि थर्माकोलच्या कडेवरून ओली वाट तयार होणार नाही. ही क्लृप्ती पुढच्या प्रयोगातही लागणार आहे. डब्यापासून विद्युतदर्शीच्या गोळ्यापर्यंत एक तार जोडा. तार टेबलाला किंवा नळाला कुठेही टेकू देऊ नका.

नळ सोडा. धार अखंड असते तिथून खाली कुठेतरी ती थेंबांत तुटते. तो बिंदू डोळ्यांना सहज दिसत नाही, कारण थेंब इतक्या भरभर येतात की धार सलगच वाटते. सोपी खूण म्हणजे कागद. कोऱ्या कागदाची कड धारेत धरून वर-खाली करा. अखंड धारेत आवाज जवळजवळ नसतो, थेंबांत टपटप सुरू होते. मोबाइलमध्ये स्लो मोशन असेल तर मागून उजेड टाकून चित्रण करा, थेंब एकेक मोजता येतील. पाणी कुठल्याही बारीक धारेत असं तुटणारच: धारेवर उठलेली लाट धारेच्या परिघापेक्षा लांब असली की पृष्ठताण तिला आणखी दाबत जातो, आणि थेंबांमधलं अंतर धारेच्या व्यासाच्या साधारण साडेचार पट राहतं.

डबा त्या बिंदूच्या किमान १० सेंमी खाली ठेवा. नळी घासा आणि धार तुटते त्या जागेजवळ ३-४ सेंमी अंतरावर, न भिजेल अशी धरा. दहा-वीस सेकंदांत विद्युतदर्शीच्या पट्ट्या फाकायला लागतात. नळी दूर नेली तरी त्या फाकलेल्याच राहतात, म्हणजे प्रभार डब्यात जमा झालाय.

कोणता? तीच घासलेली नळी आता विद्युतदर्शीच्या गोळ्याजवळ हळूच आणा. पट्ट्या आधी मिटायला लागल्या, तर डब्यातला प्रभार नळीच्या विरुद्ध, म्हणजे धन. आणखी फाकल्या, तर तो नळीसारखाच, म्हणजे कुठेतरी नळीवरचे ओले तुषार डब्यात पडले असावेत. डबा पुसून पुन्हा करा.

दोन उलट तपासण्या केल्याशिवाय हा प्रयोग पूर्ण मानू नका. एक, घासलेली नळी न धरता तेवढाच वेळ पाणी सोडा. पट्ट्या हलता कामा नयेत. दोन, डबा उचलून इतका वर धरा (ठोकळ्यासकट) की धार न तुटता थेट डब्यात पडेल. आता नळी कितीही जवळ आणली तरी ती दूर नेल्यावर पट्ट्या मिटतात. अखंड धार ही डबा आणि नळ यांना जोडणारी तारच झाली. आलेला प्रभार त्याच वाटेने परत जातो. थेंब तुटल्यावर मात्र त्याला परतीची वाट राहत नाही.

आणि हे सगळं करताना नळीचा प्रभार खर्च होत नाही. एकदा घासलेली नळी, भिजली नाही तर, डब्यामागून डबे प्रभारित करू शकते. ऊर्जा येते ती खाली पडणाऱ्या पाण्याच्या वजनातून. हे लक्षात आलं की पुढचं यंत्र सुचायला फारसं काही उरत नाही.

केल्विनचं थेंबयंत्र

विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६७ साली हे यंत्र मांडलं. युक्ती अशी: धारेजवळ नळी धरण्याऐवजी धातूचं कडं ठेवायचं, आणि त्या कड्याला प्रभार पुरवायचा तो शेजारच्या दुसऱ्या डब्याने. दोन धारा, दोन कडी, दोन डबे, आणि जोडणी आडवी-तिडवी.

डावं कडं किंचित ऋण आहे असं धरा. त्यातून पडणारे थेंब धन होतात आणि डावा डबा धन होतो. डावा डबा उजव्या कड्याला जोडलेला, म्हणून उजवं कडंही धन. त्यातून पडणारे थेंब ऋण, ते उजव्या डब्यात. आणि उजवा डबा डाव्या कड्याला जोडलेला, म्हणून ते आणखी ऋण. चक्र सुरू झालं की प्रत्येक फेरीला व्होल्टता वाढत जाते. सुरुवातीचा तो ‘किंचित’ कुठून येतो? दोन डब्यांत मुळातच कुठेतरी बारीक फरक असतो, तेवढा पुरतो. त्यामुळे कोणता डबा धन होणार हे आधी सांगता येत नाही.

साहित्य:

- ४०० मिलिच्या आसपासचे पत्र्याचे दोन डबे, वरून उघडे, कागदी लेबल काढलेले
- कड्यांसाठी आणखी दोन डबे, ५ ते ७ सेंमी व्यासाचे. वर-खाली दोन्ही बाजू कापून ५ सेंमी उंचीचे नळकांडे करायचे
- २.५ चौरस मिमीची तांब्याची एकेरी जाड तार, दीड मीटर
- ५ लिटरचं एक भांडं
- सलाईनच्या दोन नव्या, न वापरलेल्या नळ्या, चाकाच्या रेग्युलेटरसकट
- तोटीसाठी ड्रॉपरची दोन टोकं, भोक १ ते १.५ मिमी
- थर्माकोलचे ठोकळे, ८ सेंमी उंच
- टेस्टरमधून काढलेला छोटा निऑन बल्ब (असल्यास)

तारेचं साधं कडं करण्यापेक्षा नळकांडं बरं, कारण थेंब तुटण्याची जागा सेंटीमीटरभर वर-खाली झाली तरी चालतं. पत्र्याच्या कापलेल्या कडा मोठ्या माणसाने कानशीने घासून गोल कराव्यात. हे बोटांसाठी तर आहेच, पण टोकदार कडेवरून प्रभार हवेत निसटतो हे त्याहून त्रासाचं कारण.

सलाईनच्या नळीत एक सापळा आहे. तिच्या वरच्या भागात थेंब मोजायची पारदर्शक कुपी असते आणि तिच्यात पाणी हवेतून थेंबथेंब पडतं. म्हणजे वरचं पाणी आणि खालचं पाणी एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या तुटलेलं. या यंत्रात दोन्ही तोट्यांतलं पाणी भांड्यातून एकमेकांना जोडलेलं असावंच लागतं. कुपी कापून टाका आणि उरलेली नळी वापरा. नळीत हवेचे बुडबुडे राहिले तरी हीच अडचण येते.

जोडणी:

१. भांडं उंच जागी ठेवा, तोट्यांपासून ३० ते ५० सेंमी वर. नळ्यांची एकेक टोकं पाण्यात बुडवून, दुसऱ्या टोकाने ओढून पाणी सुरू करा. तोट्या लाकडी पट्टीला २५ ते ३० सेंमी अंतरावर, सरळ खाली तोंड करून पक्क्या बसवा.

२. रेग्युलेटरने धार अशी लावा की ती तोटीखाली ५ ते १० सेंमीवर तुटेल. कागदाच्या कडेने तपासा. दोन्ही धारा शक्य तितक्या सारख्या असू द्या.

३. डबे ठोकळ्यांवर, धारांच्या बरोबर खाली ठेवा. कड्याचा तळ आणि डब्याची वरची कड यांत किमान १० ते १५ सेंमी अंतर हवं, कारण कडं आणि त्याच्याच खालचा डबा विरुद्ध प्रभाराचे असतात आणि जवळ असतील तर तिथेच ठिणगी पडून बसते.

४. जाड तारेचं एक टोक डाव्या डब्याला पक्कं करा, तार वर वाकवून दुसऱ्या टोकाला उजवं कडं बसवा. उजव्या डब्यातून तशीच डाव्या कड्याला. म्हणजे कडी तारेवरच उभी राहतात आणि त्यांना वेगळा आधार लागत नाही. आधार जितके कमी, तितक्या गळतीच्या वाटा कमी. पण वर जड झालेला डबा कलंडतो. तळाशी दोन-तीन सेंमी पाणी आधीच भरून ठेवा. तार बसते ती जागा सँडपेपरने घासून चकचकीत करा.

५. दोन तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे एक पुढून, एक मागून न्या. मध्ये किमान ५ सेंमी अंतर. तारेवरचं प्लास्टिकचं वेष्टण घरगुती विजेसाठी आहे, या व्होल्टतेला त्याच्या भरवशावर तारा एकमेकींना चिकटवू नका.

६. कडी अशी ठेवा की धार मधोमध जाईल आणि कड्याच्या आतच तुटेल.

७. प्रत्येक डब्याला एकेक छोटी तार जोडून त्यांची टोकं समोरासमोर आणा. टोकांना फॉइलचे गुळगुळीत गोळे किंवा बेअरिंगच्या गोळ्या बसवा. मधली फट आधी २ मिमी ठेवा.

पाणी सोडा आणि दिवे मालवा. जुळणी बरोबर असेल तर काही सेकंदांनी फटीत निळसर ठिणगी पडते, मग पुन्हा काही सेकंदांनी. कोरड्या हवेत गोल टोकांमध्ये १ मिमी फटीला ढोबळमानाने ३००० व्होल्ट लागतात, म्हणजे २ मिमीची ठिणगी साधारण ६००० व्होल्टची. आकडा मोठा वाटतो, पण डब्याची प्रभार साठवण्याची क्षमता इतकी कमी असते की एका ठिणगीतली ऊर्जा मिलिज्यूलपेक्षाही कमी भरते. गालिच्यावरून चालून दाराच्या मुठीला हात लावल्यावर बसतो तो चटका बऱ्याचदा याहून जबर असतो.

फट वाढवून पाहा. एका टप्प्यानंतर ठिणगी थांबते आणि थेंबच वेड्यासारखे वागायला लागतात: सरळ पडायचं सोडून बाजूला फाकतात, कड्यावर आदळतात, काही तर डब्याच्या बाहेरून वर वळतात. प्रभारित डबा आपल्यासारख्याच प्रभाराच्या थेंबाला दूर ढकलतो, हे तिथे उघड दिसतं. यंत्र त्याच्या कमाल मर्यादेला पोचल्याची ही खूण. कडी भिजली की व्होल्टता घसरते.

निऑन बल्ब असेल तर त्याची एक तार बोटात धरून दुसरी डब्याला टेकवा. क्षणभर लुकलुकतो, आणि त्यातल्या दोन सळयांपैकी जी ऋण असते तिच्याभोवतीच उजेड दिसतो. बोटाकडची सळई उजळली तर डबा धन. दोन्ही डबे तपासा, ते विरुद्धच निघाले पाहिजेत.

ठिणगी पडत नसेल तर

याच क्रमाने बघा. सगळ्यात आधी ठोकळे ओले आहेत का; थर्माकोल पुसून ड्रायरने सुकवा, किंवा दुसरे कोरडे घ्या. ओला ट्रे खाली असेल तर ठोकळे त्याच्याबाहेर काढा. मग थेंब कड्याच्या आत तुटतात का ते पुन्हा पाहा: वर तुटत असतील तर धार थोडी वाढवा, खाली तुटत असतील तर कमी करा. त्यानंतर जोडणी. नवख्यांकडून हमखास होणारी चूक म्हणजे डावा डबा डाव्याच कड्याला जोडणं. तसं केल्यावर डबा स्वतःचाच प्रभार खोडत राहतो आणि काहीही होत नाही. तारांची मोकळी, टोकदार टोकं वळवून बंद करा.

हे सगळं ठीक असूनही यंत्र सुस्तच असेल तर घासलेली पीव्हीसीची नळी एका कड्याजवळ दोन सेकंद धरा. गाडीला धक्का मारल्यासारखं ते चालू होतं. आणि १०० मिलि प्रतिमिनिट अशी धार असेल तर ४०० मिलिचा डबा चार मिनिटांत भरतो हे विसरू नका. डबा ओसंडून वाहिला की ठोकळा ओला, आणि पुन्हा पहिल्यापासून. अर्धा भरला की पाणी बंद करून दोन्ही डबे एकमेकांना तारेने टेकवा, मगच रिकामे करा.

सावधगिरी थोडकीच, पण पाळायची. जवळ स्पिरिट, पेट्रोल किंवा गॅस नको. अशी वाफ पेटायला मिलिज्यूलच्या चौथ्या भागाएवढी ठिणगीही पुरते. मोबाइल, संगणक मीटरभर लांब ठेवा. पेसमेकर असलेल्यांनी ठिणगीच्या प्रयोगापासून दूर राहावं. प्रभार साठवणाऱ्या बरण्या जोडून ठिणगी ‘मोठी’ करायचा मोह टाळा, कारण धोक्याची सुरुवात नेमकी तिथून होते. निऑन बल्ब काढलेला टेस्टर पुन्हा सॉकेटमध्ये घालू नका.

उरलेल्या नळीचं कारंजं

यंत्र मोडल्यावर सलाईनची एक नळी घ्या आणि १ मिमी भोकाची तोटी वर तोंड करून बादलीत बसवा. भांडं तोटीपेक्षा मीटरभर उंच ठेवलं तर ४० ते ६० सेंमी उंच कारंजं मिळतं. तोटी उभ्या रेषेपासून किंचित कलती ठेवा, नाहीतर पडणारं पाणी चढणाऱ्यावर आपटतं. वरच्या बाजूला कारंजं फुटून थेंब चहूकडे विखुरतात.

आता घासलेली नळी घेऊन दीड-दोन मीटरवरून हळूहळू कारंज्याच्या बुडाकडे या. एका अंतरावर विखुरलेले थेंब अचानक आवरतात आणि कारंजं एका मोठ्या थेंबांच्या कमानीत पडायला लागतं. बादलीतला आवाजही बदलतो, सरसर जाऊन टपटप येते. लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये हा परिणाम अभ्यासला. एरवी आपटणारे थेंब एकमेकांवरून उसळून जातात, कारण मध्ये हवेचा पातळ पापुद्रा अडकतो. थोडासा विद्युत परिणाम झाला की तो पापुद्रा फुटतो आणि थेंब एकमेकांत मिसळतात. नळी आणखी जवळ आणलीत तर उलटं होतं: आता प्रत्येक थेंबावर भरपूर सारखाच प्रभार आलेला असतो, त्यामुळे कारंजं पहिल्यापेक्षाही जास्त फिस्कारतं. कोणत्या अंतरावर थेंब आवरतात आणि कोणत्या अंतरावर पुन्हा उधळतात ते जमिनीवर खडूने आखून ठेवा. हवा दमट झाली की दोन्ही खुणा तोटीकडे सरकलेल्या दिसतील.